विशाळगडची तोफ आणि वाटेवरचा बिनतारी निरोप

इसवी सन १६६० च्या आषाढांतली ती रात्र आपणांपैकीं कोणालाहि नव्यानें सांगावयास नको. सिद्दी जौहराचा पन्हाळ्यास वेढा पडलेला. गुरुपौर्णिमेचें चांदणें ढगांत बुडालेलें. आणि शिवाजीमहाराज निवडक मावळ्यांसह पन्हाळा सोडून, चिखल तुडवीत, विशाळगडाच्या दिशेनें निघालेले. पाठलाग जवळ आला तेव्हां बाजी प्रभु देशपांडे यांनीं घोडखिंड अडविली आणि महाराज पुढें गेले. विशाळगडाखालींहि सुर्वे व दळवी यांचें सैन्य वाट अडवून होतेंच. तें फोडून महाराज गडावर पोंचले, गडावरून तोफांचे आवाज झाले, आणि ते ऐकल्यावरच बाजींनीं देह ठेविला, अशी परंपरा आहे. आवाज किती झाले हें निरनिराळ्या कथनांत निरनिराळें सांगितलें जातें. पण कथेचा प्राण त्या संख्येंत नाहीं. खिंडींत जें कळावयास पाहिजे होतें तें वेळेवर कळलें, यांत तो आहे.

या प्रसंगाकडे आपण शौर्याचा प्रसंग म्हणून पाहत आलों, तें योग्यच आहे. आज मात्र मी तुमचें लक्ष त्यांतील एका लहानशा गोष्टीकडे वेधणार आहें. ती गोष्ट म्हणजे तो निरोप. गड आणि खिंड यांमधील अंतर चार कोस धरलें, तर ध्वनीला तें तोडावयास पाऊण मिनिटहि नको. कारण ध्वनि एक किलोमीटर सुमारें तीन सेकंदांत जातो. तीच बातमी घेऊन जासूद धाडला असता, तर त्या पावसांत, त्या जंगलांतून, त्याला कांहीं तास लागले असते. आणि मध्यें शत्रु असल्यामुळें तो पोंचलाच असता असेंहि नाहीं. तोफेचा आवाज मात्र शत्रूच्या डोक्यावरून गेला. त्याला अडवितां आलें नाहीं, आणि त्याचा अर्थ आधींच ठरलेला असल्यामुळें तो समजून घ्यावयास एक क्षणहि लागला नाहीं. तारेवांचून गेलेला निरोप म्हणजे बिनतारी निरोप, अशी सरळ व्याख्या केली, तर कोल्हापूरच्या मुलखांतला हा सर्वांत प्रसिद्ध बिनतारी निरोप होय.

याच्या उलट एक उदाहरण घेऊं. ता. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर मराठ्यांचा नाश झाला. त्या वेळीं नानासाहेब पेशवे कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले होते. त्यांना ही बातमी कळली ती ता. २४ जानेवारीस, भेलशाच्या मुक्कामाजवळ. आणि तीहि आपल्या जासुदाकडून नव्हे. एका सावकाराचा कासीद दक्षिणेकडे चालला होता. त्याच्याजवळचें पत्र पेशव्यांच्या हातीं पडलें, आणि मोत्यें, मोहरा व खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेंत लिहिलेल्या त्या ओळींनीं एका पिढीचा संहार उघड केला. म्हणजे दहा दिवस पेशव्यांची फौज अशा कुमकेसाठीं चालत होती, कीं जिची गरज कधींच संपली होती.

असें कां झालें? मराठ्यांचे कासीद कमी धांवत होते काय? नाहीं. सदाशिवरावभाऊंनीं पानिपतास छावणी केली, त्याच सुमारास अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून त्यांच्या आणि दिल्लीच्या मध्यें येऊन बसला होता. दक्षिणेकडे जाणाऱ्या डाकेची सांखळी सर्वत्र शाबूत होती, फक्त एका जागीं तुटली होती. सांखळीच्या शंभर कड्यांपैकीं नव्व्याण्णव पोलादी असून काय उपयोग, एक कडी निखळली तर? रस्त्यावरच्या निरोपाचा सगळा इतिहास या एका वाक्यांत सांगतां येईल: निरोप वेगाच्या अभावीं क्वचितच अडतो, तो अडतो मधल्या फटीमुळें.

आतां आजच्या रस्त्यावर येऊं. पूर्वी ज्यास राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ म्हणत व ज्यास आतां ४८ हा क्रमांक आहे, तो पुणें-बंगळूर रस्ता कोल्हापुराच्या कुशींतून जातो. या रस्त्यावर मालमोटार हांकणारा माणूस वर्षानुवर्षें एक बिनतारी भाषा बोलत आलेला आहे. समोरून येणाऱ्या गाडीनें दिव्याची उघडझांप केली, म्हणजे पुढें कांहीं तरी अडचण आहे असें तो समजतो. मग ती उलटलेली गाडी असो, कीं घाटांत कोसळलेली दरड असो. ही खूण त्याला देणारा माणूस ती अडचण स्वतः पाहून आलेला असतो. म्हणजे त्यानें बातमी आधीं कांहीं अंतर वाहून आणली आणि नंतर उजेडाच्या रूपानें पुढें फेंकली. कासीद आणि तोफ, दोन्ही त्याच्या ठायीं एकत्र आलीं.

हीच युक्ति यंत्राच्या स्वाधीन करावी, ही कल्पना गेल्या कांहीं दशकांची. प्रत्येक वाहनावर एक लहान प्रक्षेपक व ग्राहक बसवावा. वाहनानें आपली जागा, वेग व अचानक लावलेला ब्रेक यांची वार्ता सेकंदांतून अनेक वेळां आसपासच्या वाहनांस द्यावी. आणि महत्त्वाची वार्ता त्यांनीं पुढच्यांस द्यावी. अमेरिकेंत १९९९ सालीं या कामासाठीं ५.९ गिगाहर्ट्झच्या आसपासचा ७५ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा राखून ठेवण्यांत आला. २०१० सालीं वाहनांच्या अशा संभाषणाचें तांत्रिक प्रमाण प्रसिद्ध झालें. तरी यंत्रें रस्त्यावर फारशीं आलीं नाहींत, आणि २०२० सालीं त्याच सरकारी मंडळानें त्या पट्ट्यांतील ४५ मेगाहर्ट्झ इतर कामांस देऊन टाकण्याचा निर्णय घेतला. कल्पना चांगली असून ती रस्त्यावर यावयास इतका विलंब कां लागतो, याचें एक उत्तर आपणांस गणितांतच सांपडणार आहे.

गणित येथें कशाला, असें कोणी विचारील. हजारों मोटारींवर यंत्रें बसवून प्रयोग करणें अत्यंत खर्चाचें; आणि अपघात मुद्दाम घडवून पाहणें तर अशक्यच. म्हणून रस्त्याची एक प्रतिकृति कागदावर उभारावी लागते. या प्रतिकृतीचा एक धागा आपल्या मुंबईशीं जोडलेला आहे, हें ऐकून आपणांस नवल वाटेल.

१८९६ सालीं मुंबईस प्लेग आला. मांडवी भागांत तो प्रथम ओळखणारे डॉक्टर व्हिएगस हे मूळचे गोमंतकीय. पुढें किती तरी वर्षें प्लेग पश्चिम हिंदुस्थानांत घर करून राहिला. सावित्रीबाई फुले यांचें १८९७ सालीं पुण्यास झालेलें निधन हें त्याच साथींतलें. मुंबई बेटावर दर आठवड्यास किती माणसें दगावलीं याचे आंकडे सरकार ठेवीत असे. त्यांतील डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ पर्यंतचे आंकडे कर्मॅक व मॅकेंड्रिक या दोघा स्कॉटिश शास्त्रज्ञांनीं घेतले आणि १९२७ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत आपल्या समीकरणाशीं ताडून पाहिले. मॅकेंड्रिक यांनीं हिंदुस्थानांत वैद्यकीय नोकरी केलेली होती. कर्मॅक हे प्रयोगशाळेंतील अपघातानें अंध झालेले होते. त्यांचा सिद्धान्त थोडक्यांत असा: लोकांचे तीन वर्ग करावे, ज्यांस रोग होऊं शकतो ते, ज्यांस झालेला आहे ते, आणि ज्यांचा रोग संपला आहे ते. एक रोगी सरासरीनें एकापेक्षां अधिकांस रोग देत असेल तर सांथ भडकते. एकापेक्षां कमींस देत असेल तर ती आपोआप विझते. प्लेग हा माणसापेक्षां उंदीर व पिसवा यांच्या वाटेनें पसरणारा रोग असल्यामुळें मुंबईच्या प्लेगास हें समीकरण लावणें जरा ओबडधोबडच होतें. परंतु विचाराची दिशा अमर ठरली.

कारण निरोप हाहि रोगासारखाच पसरतो. ज्यांस तो कळला नाहीं, ज्यांस कळला असून जे तो पुढें देत आहेत, आणि ज्यांनीं तो देणें थांबविलें आहे, असे वाहनांचेहि तीन वर्ग पडतात. संगणकशास्त्रांत २००० सालच्या सुमारास ज्या निरोप-पद्धतीला सांथीचेंच नांव मिळालें, ती हीच. ज्या आंकड्यांमागें मुंबईच्या घराघरांतला आकांत होता, त्यांवर घांसलेलें समीकरण आज माणसें वांचविण्याच्या कामीं येऊं पाहतें.

पण एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. दाट वस्तीच्या शहरांत कोण कोणास भेटेल याचा नेम नसतो. रस्ता हा तसा नव्हे. रस्ता म्हणजे एक रेघ. त्यावरील वाहनाला एक पुढचा शेजारी आणि एक मागचा शेजारी, एवढाच संसार. दोघांमध्यें यंत्राच्या पल्ल्याहून मोठें अंतर पडलें कीं निरोप तेथेंच थांबला. वळसा घालून जावयास दुसरी वाटच नाहीं.

ही फट किती वेळां पडते, हें मोजण्याचें साधन दुसऱ्या घराण्यांतून आलें. प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञानें १८३७ सालच्या ग्रंथांत विरळ घडणाऱ्या घटनांचा नियम मांडला. १९०९ सालीं कोपनहेगनच्या एर्लांग यांनीं तो टेलिफोनच्या मागण्यांस लावला. आणि १९३६ सालीं अ‍ॅडम्स या इंग्रज अभियंत्यानें रस्त्यावरून जाणाऱ्या वाहनांस लावून पाहिला. वाहनें रस्त्यावर मुठीनें उधळलेल्या धान्याच्या दाण्यांसारखीं कशींहि पडलीं आहेत, असें हा नियम मानतो. एवढें मानलें कीं पुढचा हिशेब शाळेंतल्या मुलालाहि करतां येतो.

समजा, यंत्राचा पल्ला ३०० मीटर आहे, आणि रस्त्यावर दर किलोमीटरांत यंत्र असलेलीं वाहनें सरासरीनें १० आहेत. तर निरोप सरासरी २० वाहनांपर्यंत पोंचून थांबतो, आणि त्याचा प्रवास सुमारें दीड किलोमीटरांहून थोडा अधिक होतो. आतां वाहनें दुप्पट करा; किलोमीटरांत २० धरा. निरोप दुप्पट दूर जाईल असें आपणांस वाटेल. तसें होत नाहीं. तो सरासरी ४०० वाहनांपर्यंत पोंचतो आणि जवळजवळ २० किलोमीटर जातो. म्हणजे दुपटीच्या ठिकाणीं बारापट! उलट रात्रीं, किलोमीटरांत तीनच वाहनें असतां, दर पांच फटींपैकीं दोन फटी पल्ल्याबाहेरच्या निघतात आणि निरोप दोन-तीन वाहनांतच मरतो.

या हिशेबांत एक कठोर व्यावहारिक सत्य लपलेलें आहे. ज्या रस्त्यावर सर्व वाहनांस यंत्र असतां निरोप वीस किलोमीटर गेला असता, तेथें अर्ध्याच वाहनांवर यंत्र बसविलें, तर तो दहा किलोमीटर जाणार नाहीं. दीडच किलोमीटर जाईल. अर्धा खर्च केला म्हणजे अर्धा फायदा, हा बाजारचा हिशेब येथें चालत नाहीं. पहिल्यानें यंत्र घेणारास जवळजवळ कांहींच मिळत नाहीं, म्हणून दुसरा घेत नाहीं. आणि दुसरा घेत नाहीं म्हणून पहिलाहि पस्तावतो. विलंबाचें कारण मी मघाशीं गणितांत आहे म्हटलें, तें हें.

मग विरळ रस्त्यावर निरोप मरूंच द्यावा काय? येथें जुना कासीद पुन्हां मदतीला येतो. वाहनें स्थिर नसतात. तीं दोन्ही दिशांनीं चालत असतात. ज्या वाहनाला निरोप मिळाला त्यानें, ऐकणारें कोणी नसल्यास, तो जपून ठेवावा, वाहून न्यावा आणि पुढें कोणी भेटतांच द्यावा. समजा, कऱ्हाडकडून कोल्हापुराकडे येणाऱ्या मोटारींना पुढचा धोका कळवावयाचा आहे आणि मध्यें पांच किलोमीटर रस्ता रिकामा आहे. कऱ्हाडकडे परत जाणारी एक मोटार ताशीं ६० किलोमीटर वेगानें निघाली आणि समोरून तितक्याच वेगानें वाहनें येत असलीं, तर ती फट अडीच मिनिटांत मिटते. विजेच्या लहरीला क्षणाचाहि अवधि लागत नाहीं हें खरें; परंतु निरोपाला लागणारा सारा वेळ या फटींतच खर्च होतो. म्हणून रस्त्यावरच्या निरोपाचा वेग ठरवितात त्या फटी. बिनतारी लहरीचा वेग तो ठरवीत नाहीं.

कागदावरची प्रतिकृति आणि डोंगरांतला रस्ता यांतहि अंतर आहे. आंबा घाटांतलें एखादें आंधळें वळण घ्या. ५.९ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी पांच सेंटिमीटरांच्या आसपास; इतकी तोकडी लहर डोंगराच्या सोंडेला वळसा घालूं शकत नाहीं. तोफेच्या गंभीर आवाजाची लहर कित्येक मीटर लांब. ती खिंडीखिंडींतून वळत जाते. याच मुलखांत १६६० सालीं जें साधन कामाला आलें, त्याचा हा गुण आजच्या यंत्रांत नाहीं. म्हणून घाटाच्या वळणावर एखादा खांब उभारून त्यावर निरोप झेलणारें यंत्र बसवावें लागतें. म्हणजे पुन्हां फट भरावी लागते, आणि ती माणसानें विचारपूर्वक भरावी लागते.

दाटीचाहि एक रोग आहे. चैत्रांत जोतिबाच्या यात्रेस जे गेले असतील त्यांना तो समजावून सांगावा लागणार नाहीं. लाखों कंठांतून चांगभलेंचा गजर एकदम उठला, कीं कोणीं कोणास हांक मारली हें कळत नाहीं. टोलनाक्यावर तुंबलेलीं शेंकडों वाहनें एकच निरोप एकदम ओरडूं लागलीं, तर लहरींवर लहरी आदळून सारेंच अनर्थक होतें. यावर शास्त्रज्ञांनीं काढलेला तोडगा शहाणपणाचा आहे: निरोप ऐकणारांपैकीं जो सर्वांत दूर असेल त्यानेंच तो पुढें द्यावा, बाकीच्यांनीं मौन धरावें. किती जणांनीं बोलावें यापेक्षां कोणीं गप्प राहावें, हा प्रश्न येथें अधिक मोलाचा ठरतो.

या साऱ्या विचाराची कसोटी कोठें लागेल, तें कोल्हापूरकरांस सांगणें नको. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशीं ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्यें आणि पुन्हां जुलै २०२१ मध्यें नदीनें ती मागें टाकली. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलें आणि दिवसच्या दिवस रस्ता बंद राहिला. मालमोटारींच्या रांगा लागल्या. ज्या गाड्या आधींच थांबल्या असत्या किंवा दुसऱ्या वाटेनें वळल्या असत्या, त्यांतल्या किती तरी त्या रांगेंत येऊन अडकल्या. अशा वेळीं वीज जाते, टेलिफोनचे मनोरे मुके होऊं शकतात. तेव्हां वाहनांनीं वाहनांस दिलेला निरोप हा चैनीचा विषय राहत नाहीं.

आणि नेमकी येथेंच प्रतिकृतीची परीक्षा आहे. एरवीं फट मिटवितें तें समोरून येणारें वाहन. पण महापुरांत पलीकडून कोणी येतच नाहीं. पाण्यानें रस्ता तोडला म्हणजे बातमी वाहून नेणाराहि तोडला. रांगेच्या जवळ वाहनें खेटून उभीं, म्हणून तेथें निरोप क्षणांत फिरेल. परंतु ज्यांना तो खरोखर हवा, ते मागें, विरळ रस्त्यावर. गणित यावर एक साधा उपाय सुचवितें: रांगेच्या शेंपटाकडून थोड्या थोड्या वेळानें एकेक गाडी मुद्दाम परत फिरवावी. ती गाडी म्हणजे आजचा जासूद. पानिपताहून दक्षिणेकडे येणारी वाट अडली असतां जो माणूस मिळाला नाहीं, तोच हा.

राहिली एक गोष्ट, आणि ती कदाचित् सर्वांत महत्त्वाची. खोटी बातमी खऱ्या बातमीच्याच नियमानें पसरते. समीकरणाला सत्यासत्याचा विवेक नसतो. रस्ता मोकळा असतां तो बंद आहे असा निरोप एखाद्या खोडसाळानें सोडला, तर तोहि वीस किलोमीटर जाईल. म्हणून या यंत्रांच्या निरोपावर सांकेतिक शिक्कामोर्तब असावें लागतें. खिंडींतल्या माणसांना तोफ ओळखतां आली, कारण तिचा अर्थ विश्वासू माणसांमध्यें आधीं ठरला होता. सावकाराच्या पत्रांतलीं मोत्यें आणि मोहरा पेशव्यांस उलगडल्या, कारण ती परिभाषा दोघांच्याहि अंगवळणीं पडलेली होती. साधनें बदललीं, पण निरोप पोंचणें आणि निरोपावर विश्वास बसणें या दोन गोष्टी अजून वेगवेगळ्याच आहेत.

श्रोतेहो, पुढच्या पावसाळ्यांत आपण आंब्याच्या घाटानें जाल, आणि समोरची एखादी अनोळखी मालमोटार दोनदां दिवे मिचकावील. त्या माणसाचें नांव आपणांस कळणार नाहीं, आणि आपले आभारहि त्याला पोंचणार नाहींत. पण तेवढ्यापुरती आपली आणि त्याची सांखळी जुळलेली असेल. त्यानें आपली कडी सांभाळली. पुढची फट आतां आपल्या हातीं आहे. वेग कमी करावा, आणि मागून येणाऱ्यांस खूण द्यावयास विसरूं नये.